तू जा, तुझं मी बघतो

मुलींचं वसतिगृह, भिवंडी
२ जुलै १९८६

आबा,

जय भीम. यापुढे 'पत्र लिहिण्यास कारण की' असं लिहायचं असतं म्हणे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलत नाही, म्हणून लिहावं लागतंय.

तुम्ही म्हणालात, "कालेजात गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार न्हाय." मी गेले. तुम्ही बोलत नाही. दोघांनीही आपापलं खरं केलं, मग आता रागावण्यासारखं राहिलं काय? पण गप्प राहीन असा शब्द मी कुणाला दिलेला नाही. तेव्हा मी बोलणार. तुम्हाला ऐकायचं नसेल तर पत्र फाडा, माझं काही म्हणणं नाही. (फाडू नका.)

गंमत ऐका. हे पत्र मी गेटजवळच्या लाल पेटीत टाकणार, ते पोस्टात जाणार, तिथून फिरून तुमच्या लूमच्या शेडवर येणार. आणि तुमची शेड आहे कुठे, तर आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे! माझ्या खोलीतली शुभदा म्हणाली, दगडाला बांधून फेक की. तिला काय माहीत तुम्ही! फेकलेलं पत्र तुम्ही उचलणार नाही. पोस्टमनने चारचौघांत हातात दिलेलं परत करायला मात्र तुम्हाला लाज वाटेल. ओळखून आहे मी तुम्हाला.

इतकी वर्षं तुम्ही आमचं कॉलेज मागूनच पाहिलंत, भिंत आणि त्यावरच्या काचा. पुढून बरं दिसतं हो. मोठी कमान आहे, तिच्यावरची अर्धी अक्षरं पडलीत. मग मुख्य इमारत, तिला लांबच लांब व्हरांडा. डावीकडे लायब्ररी, ती गोल आहे, आत शिरलं की बाहेर कुठून पडायचं ते कळत नाही. उजवीकडे जिमखाना. तिथे टेबल टेनिसचं टेबल आहे, जाळी नाही, मुलं मधे विटा मांडून खेळतात. भाऊचं कॅन्टीन मागे, तिथला उसळपाव झणझणीत. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे आमची पाण्याची टाकी. धामणकर नाक्यावर रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं तर तो आपल्याकडे बघत राहतो. 'पानी की टंकी' म्हटलं की "बैठो बैठो!" इथे कुणाला भेटायचं तर टाकीखाली, भांडायचं तर टाकीखाली, मिटवायचं तरी टाकीखालीच. ती ठिबकते, त्यामुळे भांडणं फार वेळ चालत नाहीत.

शुभदा शहापूरची. वडील तिचे शाळामास्तर. मुलगी गुणाची आहे, पण लूमच्या खटखटीने तिला झोप येत नाही, कानात कापूस घालून बसते. मला उलट. काल लाईट गेली, शेडी बंद पडल्या, आणि मी ताडकन उठून बसले. ती म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, आवाज बंद झाला." ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली.

आई एकटी गावाला आहे, तुम्ही शनिवारी गावी जाताना तिच्यासाठी खारी घेऊन जा. ती मागणार नाही.

तुमची,
चंपा

१९ ऑगस्ट १९८६

आबा,

पत्राचं उत्तर नाही. येणार नव्हतंच. तुमच्या शेजारच्या लूमवरचे यादवकाका परवा गेटवर भेटले. त्यांच्याकडून कळलं, पत्र तुम्ही चहाच्या सुट्टीत वाचलंत, पुन्हा वाचलंत, आणि घडी करून तंबाखूच्या डब्याखाली ठेवलंत. मग बरं आहे. डबा सरकवू नका.

एक बातमी आहे. मला लायब्ररीतून बाहेर काढलं. चोरी नाही, मारामारी नाही. मी शुभदाला फक्त विचारलं, "पेन आहे का?" गोल इमारतीत तो आवाज इतका घुमला की पलीकडे पेपर वाचत बसलेले एक सर दचकून उभे राहिले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, ही लायब्ररी आहे, बाजार नाही." आता आबा तुम्हीच सांगा, आपल्याला हळू बोलायला शिकवलं कुणी? तुम्ही घरी येऊन मीठ मागायचात ते शेजारच्या आळीत ऐकू जायचं आणि तिकडची आजी मीठ घेऊन यायची.

खरं सांगू का, मला लायब्ररीत वाचताच येत नाही. एवढी शांतता असली की मला वाटतं काहीतरी बिघडलंय. आवाज थांबला म्हणजे एकतर लाईट गेली, नाहीतर कुणाचा हात अडकला, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पुस्तक समोर आणि कान बाहेर. मग मी शोधत शोधत एक जागा काढली. मागच्या इमारतीत परीक्षेचा लांब हॉल आहे, एरवी रिकामा असतो. त्याची शेवटची खिडकी बरोबर तुमच्या शेडच्या अंगणावर उघडते. तिथे बसलं की खटखट खटखट, आणि राज्यशास्त्र असं सरळ डोक्यात शिरतं! इतर मुली म्हणतात, चंपाला वेड लागलंय. लागू दे.

तुम्ही चहाला बाहेर येता तेव्हा मी मान खाली घालून वाचत असते. बघत नाही मी. तुम्हीही बघत नाही, ते मला दिसतं.

हॉस्टेलमधल्या मुलींना मी शेडमधल्या खुणा शिकवल्या. आमच्या मेसमध्ये बाई समोर उभ्या असतात, त्यांच्यासमोर भाजीला नावं कशी ठेवणार? मग धागा तुटल्याची खूण केली की भाजी बिघडलीय. मिशीला पीळ दिला, की तुमच्याकडे शेठ आला आणि आमच्याकडे रेक्टर बाई आल्या. मुली खुश आहेत. शुभदाला सगळ्यांत आवडली ती जेवणाच्या सुट्टीची खूण. तळहात पुढे ढकलायचा, दोन बोटं डोळ्यांना लावायची, मग हात छातीवर. 'तू जा, तुझं मी बघतो.'

मी तिला सांगितलं की ही खूण मेसमध्ये भाजीसाठी वापरायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन शेडमध्ये यायचे, तेव्हा बघितलंय ना. त्या आवाजात तोंडाने कोण काय बोलणार! यादवकाका पलीकडून हात करायचे, तू जा, तुझं मी बघतो, की तुम्ही जेवायला उठायचात. तेवढा वेळ तुमचे चारही लूम त्यांचे. धागा तुटला, कापड बिघडलं, तरी शेठची बोलणी खाणार ते. मी एकदा गंमत म्हणून तुम्हाला तसा हात केला तर तुम्ही रागावला होतात. "हे उगाच करायचं न्हाय. केलं की त्याचं ते आपल्या माथी." मी सात-आठ वर्षांची असेन, घाबरून हात मागे लपवला होता.

खारी नेलीत, आईने सांगितलं. आभारी आहे.

चंपा

१८ जानेवारी १९८७

आबा,

आमचं गॅदरिंग झालं. तीन दिवस अभ्यास बंद, सगळीकडे पताका. भाऊने कॅन्टीनला रंग काढला आणि त्याच रंगाचे हात पुसून वडे तळले. मला जो फिशपाँड मिळाला तो ऐका: 'लाईट गेली तरी हिचा लूम चालू.' सगळं मैदान हसलं. मी पण हसले, काय करणार! टाकीखाली उभी राहून जरा रडले सुद्धा, ते वेगळ्या कारणाने.

आई आली होती. वज्रेश्वरीची गाडी उशिरा आली, त्यामुळे भाकरी गार आणि आई गरम. रेक्टर बाईंनी भेटायला वेळ दिला. आईने बोंबलाची चटणी आणली होती, ती वास न येईल अशी शुभदाच्या पेटीत लपवली (शुभदा शाकाहारी आहे, तिला अजून सांगितलेलं नाही). मग आईने खरं काय ते सांगितलं. आत्या येऊन गेली, तिच्या दत्तूसाठी मला मागायला. तुम्ही तिला म्हणालात, "यंदा पास झाली तर पुढचं बघू. न्हाय झाली तर मे महिन्यात हळद."

म्हणजे माझ्या प्रश्नपत्रिकेत दत्तू पण आलाच.

आबा, दत्तू वाईट नाही हो. वडप्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये नेकीने काम करतो, दारू नाही, काही नाही. पण आम्ही एका ताटात भांडून वाढलो. मी त्याचा कान चावलाय. त्याच्याशी लग्न म्हटलं की मला हसू येतं आणि मग लगेच हसू जातं. मला शिकायचंय. मास्तरीण व्हायचंय, आपल्या गावच्या शाळेत, आणि मुलांना आधी सांगायचंय की पोरांनो, मोठ्याने बोला.

तुम्ही म्हणाल, नुसती पास व्हायची अट आहे, त्यात एवढं काय. खरंय. पास मी होणार. तुम्ही आत्याला तेवढं 'बघू' म्हणालात, त्याला मी 'हो' समजून चालले आहे.

आई म्हणाली, "तो वाचतो गं तुझी पत्रं. पन काय बोलत न्हाय. इचारलं तर म्हनतो, लिव्हते चांगली."

लिहिते चांगली म्हणालात! हे वाक्य मी शुभदाला दिवसभर ऐकवलं. ती म्हणाली, अगं, हळू.

चंपा

९ एप्रिल १९८७

आबा,

आज जे झालं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. अंगणातलं तुम्हाला ठाऊक, हॉलमधलं मला. म्हणून घाईने लिहिते.

राज्यशास्त्राचा पेपर. माझा नंबर लागला तो त्याच शेवटच्या खिडकीला. बाकीचे कानात बोटं घालत होते, मी मजेत. दोन प्रश्न हाताला आले तसे लिहून काढले. आणि लाईट गेली. एकदम सगळ्या शेडी थांबल्या. भिवंडीच्या आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी माना वर केल्या, बाहेरगावच्या मुलांना कळेना काय झालं. मी खिडकीबाहेर बघितलं. तुम्ही अंगणात उभे होतात, गमछ्याने मान पुसत. यादवकाका अलीकडे भिंतीशी, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली.

तुम्ही वर बघितलंत. आणि हात केलात. तळहात पुढे, दोन बोटं डोळ्यांना, हात छातीवर. तू जा, तुझं मी बघतो.

मी उलट 'बरं' म्हणून हात केला. कपाळाला बोटं लावून आपण करतो तसा.

नवे सर आहेत आमचे, पुण्याकडून आलेले, या वर्षीच लागलेत. ते मागे उभे होते. त्यांनी काय बघितलं? बाहेर एक माणूस दोन बोटं दाखवतोय आणि आत मुलगी मान डोलावून बोटं हलवतेय. दोन बोटं म्हणजे प्रश्न दुसरा! त्यांनी पेपर ओढून घेतला. "बाहेर कोण आहे तो? काय सांगितलं त्याने?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, ते माझे वडील. ते म्हणाले, तू जा, तुझं मी बघतो. झालं! सरांचा चेहरा असा झाला की जसा काही मी गुन्हाच कबूल केला. "तुझं मी बघतो? पेपर तुझा, आणि बघणार ते?" हॉलमधली मुलं हसायला लागली. मी समजावत होते की तसं नाही, लूमवर असं म्हणतात, जेवायला जाताना म्हणतात. सर म्हणाले, "पेपर चालू असताना जेवणाचं काय काम?" जितकं खरं सांगावं तितकी मीच अडकत गेले, आणि माझा आवाज चढत गेला. शेवटी मला बाहेर बसवलं.

कॉपी केस. आबा, कॉपी केस झाली माझी. सोमवारी प्राचार्यांसमोर चौकशी आहे. कॉपी ठरली तर अख्खी परीक्षा रद्द, म्हणजे नापास. म्हणजे मे महिना.

रडून रडून डोकं दुखतंय. पण सगळ्यांत जास्त एक गोष्ट खुपतेय, ती सांगूनच टाकते. खिडकीखाली यादवकाका उभे होते. ती खूण त्यांना केलीत की मला? मी वर्षभर वाट बघतेय म्हणून मलाच केली असं धरून चालले. पण काका चहाला निघाले असतील आणि तुम्ही त्यांनाच म्हणाला असाल, तर मग मी कुणाला 'बरं' म्हणाले आणि कशापायी पेपर घालवला?

चंपा

११ एप्रिल १९८७

आबा,

हे पत्र पोस्टाने नको. यादवकाकांच्या हाती देतेय, आजच मिळायला हवं. त्यांना मी काही विचारलेलं नाही. त्यांनीही मला काही सांगू नये अशी त्यांना शपथ घातलीय.

आमचे चिंतामणी सर राज्यशास्त्र शिकवतात. भला माणूस. त्यांनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं, "चंपा, सोपं आहे. तुझ्या वडिलांनी सोमवारी येऊन एवढंच सांगावं की खूण शेजारच्या माणसाला केली, मुलीला नाही. मुलगी उगाच घाबरून हात हलवत होती. प्रकरण तिथल्या तिथे मिटेल. मी प्राचार्यांशी बोलतो."

आता बघा कसं झालंय. तुम्ही आलात आणि यादवला हात केला म्हणालात, तर मी सुटते. तुम्ही म्हणालात की पोरीलाच केला, तर मी अडकते. आणि तुम्ही आलाच नाहीत, वर्षभर गप्प राहिलात तसेच आणखी एक सोमवार गप्प राहिलात, तर तुमच्या आणि आत्याच्या मनासारखं आपोआप होतं. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागत नाही!

काय सांगायचं ते मी सांगणार नाही. खरं काय ते तुमचं तुम्हाला माहीत. मला भीती वाटतेय आबा. परीक्षेची वाटतेय, लग्नाची वाटतेय, आणि तुम्ही तिथे येऊन 'यादवला केली' म्हणालात आणि तेच खरं असलं, तर त्याची सगळ्यांत जास्त वाटतेय. सुटेन आणि तरी रडेन, अशी वेडी मुलगी आहे तुमची.

सोमवारी सकाळी. प्राचार्यांचं ऑफिस कमानीतून आत आल्यावर समोरच. कुणाला विचारू नका, सरळ या. पुढून या.

चंपा

१६ एप्रिल १९८७

आबा,

आता पत्राची गरज नाही खरं तर. पण सवय लागली, आणि सोमवारचं माझ्याकडचं अर्धं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही आलात ते जयंतीसाठी शिवलेला पांढरा शर्ट एक दिवस आधीच घालून. कमानीतून तुम्ही आत येताना मी व्हरांड्यातल्या बाकावर होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, टाकीकडे बघितलंत, मग कमानीवरच्या पडलेल्या अक्षरांकडे, आणि सरळ ऑफिसात गेलात. दार लागलं. भाऊने मला चहा आणून दिला, तो मी सांडला.

पण आबा, दार लावून काय उपयोग? लूमवाल्याचा आवाज दाराला जुमानतो का! अख्ख्या व्हरांड्याला ऐकू येत होतं. चिंतामणी सर मुळात हळू बोलतात, त्यांचं काही कळलं नाही, पण ते तुम्हाला तीच सोपी वाट दाखवत असणार. कारण मग तुमचा आवाज आला, "न्हाय साहेब. यादवला न्हाय. माझ्या पोरीलाच केली."

सर पुन्हा काहीतरी म्हणाले. आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, मी वर्षभर तिच्याशी बोललो न्हाय. त्या दिवशी बोललो. आता बोललोच न्हाय असं सांगून तिला सोडवू? मग ती सुटली तरी मी काय तोंड दाखवू तिला?"

मी बाकावर बसल्या बसल्या पदराने... पदर कुठला, ओढणीने तोंड झाकून घेतलं. भाऊ म्हणाला, "अगं, तुझी केस बुडाली आणि तू हसतेस काय?" मी हसत होते की रडत होते, मला खरंच माहीत नाही. केस गेली खड्ड्यात, एवढंच डोक्यात होतं. मला केली होती! मलाच!

पुढचं नव्या सरांचं डोकं. माणूस कडक आहे पण लबाड नाही. ते म्हणाले, "ही जर भाषाच असेल तर तिच्यातून उत्तरं सांगता येतात की नाही, तेवढं तपासू." तुम्हाला पुन्हा शेडच्या अंगणात पाठवलं, भाऊला दोन चिठ्ठ्या देऊन, काचांवर पोतं टाकून भिंतीवर चढवलं, आणि मला हॉलमध्ये त्याच खिडकीशी उभं केलं. मागे प्राचार्य, दोघे सर, आणि दारात निम्मं कॉलेज. चिठ्ठीत काय आहे ते मला माहीत नव्हतं, तुम्ही हात कराल ते मी मोठ्याने सांगायचं.

पहिली चिठ्ठी सोपी होती. मी म्हटलं, "डबा आला का?" बरोबर निघालं. नव्या सरांचा चेहरा पडला. माझाही पडला, कारण बरोबर आलं म्हणजे आपण फसलोच ना!

मग दुसरी चिठ्ठी. भाऊने भिंतीवरून तुम्हाला वाचून दाखवली. आणि तुम्ही नुसते उभे! डोकं खाजवलंत. यादवकाकांना विचारलंत. त्यांनी डोकं खाजवलं. दोघांनी मिळून विचार केला, एकदा तर भांडलात सुद्धा, मी वरून बघत होते. मग तुम्ही अंग सावरून हात करायला लागलात आणि मी सांगायला लागले.

"शेठ आला," मी म्हटलं. "पुष्कळ माणसं बसली. चहा आला. अजून चहा आला. कुणीच उठत नाही. काम बंद."

मला वाटलं, गेलं सगळं. आणि मग प्राचार्य असे हसले, असे हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. दारातली मुलं तर भिंतीला टेकून हसत होती. चिंतामणी सर चष्मा पुसत म्हणाले, "चंपा, प्रश्न होता, संसदीय शासनपद्धतीची वैशिष्ट्ये सांगा."

नवे सरही हसले. खोटं नाही सांगत, ओठ दाबून धरले होते, पण सुटलंच हसू. मग मला म्हणाले, "या भाषेतून कुणी पास होणार नाही, एवढी माझी खात्री पटली. पण परीक्षेत वडील असोत की कुणी असोत, बाहेर बघायचं नाही." मी म्हटलं, "नाही बघणार सर." प्राचार्य म्हणाले, "अगं, हळू." त्यांनी केस तिथेच रद्द केली. काल मला वेगळा पेपर काढून दिला, मी तो हॉलच्या बरोबर मधे बसून लिहिला. खिडकी बंद होती, तरी तुमची खटखट येत होतीच. पाचही प्रश्न सोडवले. संसदीय पद्धतीवर प्रश्न नव्हता, नाहीतर मला लिहिताना चहाच आठवला असता.

किती हलकं वाटतंय सांगू? चार दिवस छातीवर लूमचा जड बीम ठेवल्यासारखं होतं, ते कुणीतरी उचलून नेलं. काल दुपारी मी दोन उसळपाव खाल्ले. शुभदाला बोंबलाच्या चटणीचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, वासावरून जानेवारीतच कळलं होतं.

जयंतीला गावात आत्या आली होती म्हणे. आई सांगत होती, आत्याने हळदीचा विषय काढला तर तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात आणि म्हणालात, "पोरीला हात केलाय मी, तिचं बघतो म्हणून. आता धागा तुटला तर माझ्या माथी." आत्याला काही कळलं नाही. दत्तूला कळलं. आई म्हणते, त्याने मागच्या मागे असा सुस्कारा सोडला की बैल दचकला. त्यालाही माझा दात आठवत असणार.

आणि काल संध्याकाळचं. ते तर तुमच्यासमोरच झालं, तरी लिहून ठेवते, डब्याखाली राहू दे.

पेपर देऊन मी मागच्या भिंतीशी आले. लाईट गेलेली, लूम बंद. तुम्ही पलीकडे अंगणात, हातात चहाचा ग्लास. मधे भिंत आणि त्यावरच्या काचा, बस्स. साधं बोललं तरी ऐकू आलं असतं. पण तुम्ही हातच केलात. जेवलीस का?

मी मुद्दाम हात केला नाही. पोटातून ओरडले, "जेवले आबा! तुम्ही जेवलात काय?"

लायब्ररीच्या खिडकीत डोकी आली. टाकीखालची मुलं वळून बघायला लागली. भाऊ कॅन्टीनमधून बाहेर आला. तुम्ही ग्लास खाली ठेवलात, इकडे तिकडे बघितलंत, आणि माझ्याशी तोंडाने बोललात. जूनपासूनचं पहिलं वाक्य.

"हळू बोल की गं. कालेज हाय ते."

तुमची,
चंपा